खालच्या कुरणातला लव्हाळा

रस्त्यावरून जाणाऱ्यांना ते कुरण फार आवडायचं. आजूबाजूची रानं वाळून पिवळी पडली तरी घरामागचा तो सखल तुकडा आपला हिरवागार. सायकल थांबवून, एक पाय बांधावर टेकवून लोक आईला सांगायचे, "नशीबवान आहात हो. तुमच्या गाईंची चंगळ आहे." आई हसून मान डोलवायची आणि गोठ्यात जाऊन विकत आणलेल्या वाळल्या चाऱ्याची पेंढी सोडायची.

कारण तो सगळा हिरवेपणा लव्हाळ्याचा होता. गोल, गुळगुळीत, सुईसारख्या टोकाचे दांडे, माणसाच्या मांडीपर्यंत उंच. पान म्हणून नाही. मोडून बघावं तर आत भेंडासारखा पांढरा, फुसका गर. जमीन चिबड, पायाखाली पचपच करणारी, आणि लव्हाळ्याला नेमकी तशीच लागते. गवतही होतं, पण बुडख्यांच्या मधल्या फटींत, चोरून राहिल्यासारखं. तिन्ही गाई त्यातून हिंडायच्या, नाक खुपसायच्या, फुरफुरायच्या, आणि पानावर बसवून ज्यांना वाढायचंच राहून गेलंय अशा पाहुण्यांसारख्या घराकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

या कुरणाचं रूप ज्या मुलीने पालटलं, तिला घरात थोरली म्हणत. धाकटी कधी झालीच नाही. पण ती जन्मली तेव्हा वडिलांना पुढच्यांची फार खात्री होती. त्यांनी आधीच हाक ठरवून टाकली आणि ती चिकटली. लहानपणापासून तिचा एक स्वभाव होता. कुठलीही गोष्ट तिला एकटी दाखवून चालायची नाही, शेजारी दुसरी लागायची. दोन पेरू हातात घेऊन ती इतका वेळ बघत बसायची की तोवर आईचं स्वयंपाकघर आवरून व्हायचं. "अगं, खा की एक!" आई ओरडायची. "कुठला ते ठरतंय," ती म्हणायची.

मोठेपणी याच स्वभावावर तिला शहरात नोकरी लागली, चष्म्याच्या दुकानात. माणसाच्या नाकावर ती जडशी चौकट बसवायची, भिंग बदलायची आणि विचारायची, "हे बरं, की हे?" लोक दोन मिनिटांत कंटाळायचे. "दोन्ही सारखंच दिसतंय, बाई." "सारखं नसतं. परत बघा." दुकानदार म्हणायचा, हिच्या हातून गेलेला चष्मा परत येत नाही. आईने हे वाक्य सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं होतं, काहींना दोनदा.

बाबा गेले तेव्हा ती चार दिवसांसाठी आली. चारचे आठ झाले. तिसरी गाय विणार होती, मग गोठ्याचं छप्पर गळायला लागलं, मग अजून काहीतरी. एका सकाळी धार काढता काढता ती सहज बोलावं तसं बोलली, "मी दुकानात कळवलंय. येत नाही म्हणून."

आईच्या हातातली बादली तिथेच राहिली. त्या दिवशी आई पुष्कळ रडली. नवऱ्यासाठी की पोरीच्या नोकरीसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिशी ओलांडलेली मुलगी, पंखा-खुर्ची असलेली नोकरी, आणि ही आली शेणात हात घालायला. आईचा जीव मुळातच काळजीखोर. मुलगी शहरात होती तेव्हा ती रस्ता नीट ओलांडते का याची काळजी, आता घरी आली तर चिखलातल्या सापांची.

त्या वर्षी पाऊस सरल्यावर थोरलीने विळा उचलला आणि खालच्या कुरणात उतरली. आईने समजावून बघितलं, मग शेवटी स्वतःच दुसरा विळा घेऊन मागे गेली, कारण घरात बसून काळजी करण्यापेक्षा शेजारी उभं राहून केलेली बरी. थोरली तरणीताठी, उभ्याने वाकून सपासप कापायची. आईचे गुडघे तिला वाकू देत नव्हते. ती आपली बुडावर बसून, सरकत सरकत, नाल्याच्या कडेचा खोलगट कोपरा कापत राहिली. कित्येक दिवस मायलेकींनी तेच केलं. सगळं कुरण आडवं झालं. कापलेला लव्हाळा जागच्या जागी पसरून पडला आणि थोरली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "झालं!"

कसलं झालं? काही आठवड्यांनी लव्हाळा परत उभा, आणि पहिल्यापेक्षा दाट. एका दांड्याच्या जागी तीन. आणि जिथे कापलेल्याचा थर जाड पडला होता तिथे खालचं होतं नव्हतं तेवढं गवत पिवळं पडून कुजलं. रोज सकाळी येणारा दूधवाला बांधावरून म्हणाला, "ताई, न्हाव्याकडे जाऊन आल्यावर पोराचे केस जोमाने येतात, तसं झालंय हो."

हे बघायला काका आले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. रस्त्याकडचा वरचा कोरडा तुकडा त्यांचा, घर आणि गोठा मायलेकींकडे, आणि खालचं कुरण दोघांत सामाईक. आवाज मोठा, मनात काही ठेवायचं नाही, आणि ट्रॅक्टरवर बसूनच विचार करायची सवय.

"नांगर घालतो," ते म्हणाले. "एका दिवसाचं काम. मुळासकट उलटं करून टाकतो."

आतापर्यंत गप्प असलेली आई एकदम म्हणाली, "नाही भावोजी. तेवढं नको."

"का हो वहिनी?"

"यांनी घातला होता. आमचं लग्न होऊन वर्ष झालं असेल. तुम्ही तेव्हा शाळेत होतात. किती छान काळंभोर रान दिसत होतं! आणि पुढच्या पावसात जे उगवलं, अहो, केसांसारखं. बोट ठेवायला जागा नाही. सगळा लव्हाळा. त्यानंतर यांनी त्या कुरणाकडे बघायचंच सोडून दिलं."

थोरलीने आईकडे पाहिलं. हे तिला कोणी कधी सांगितलं नव्हतं. आईलाही वाटलं नव्हतं की हे सांगण्यासारखं काही आहे.

थोरली तशीच उठली आणि फावड्याने कुरणातले दोन चौकोनी तुकडे काढून आणले. एक गवतासकट तसाच. दुसऱ्यावरचं गवत खरवडून माती उघडी केलेली. दोन जुनी ताटं घेऊन तिने ते स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. पाणी घालायची, बघायची. आई भांडी ठेवायला जागा नाही म्हणून कुरकुरत राहिली. काही दिवसांनी उघड्या मातीवर हिरवी लव आली, इतकी बारीक की आधी ती शेवाळच वाटली. गवत होतं त्या ताटात काही नाही.

"बी आहे खाली," थोरली म्हणाली. "वर्षानुवर्षं झोपलेलं. उजेड दिसला की उठतं. आई, आपल्याला माती उघडी पडू द्यायचीच नाही. नांगराने नाही, खुरांनी पण नाही."

"खुरांनी म्हणजे?"

"जमीन ओली असेतोवर गाई खाली सोडायच्या नाहीत. त्या चिखल तुडवतात, तिथेच हा उगवतो."

"कुरण असून गाई गोठ्यात? आणि चारा काय मी चुलीतून काढू?"

"बांधावरचं गवत कापून आणू ना."

"आणू! मी आणि कोण?"

पण आणलं. रोज.

काकांना मात्र या सगळ्यात दम दिसेना. एका संध्याकाळी चहाचा कप रिकामा करून त्यांनी विषय काढला. "वहिनी, स्पष्टच बोलतो. त्या जमिनीला पाणीच पिकवायचंय, तर आपण पाणीच पिकवू. खोदून तळं करतो, मासे सोडतो. निम्मे मासे तुमचे."

"आणि गाई?" थोरलीने विचारलं.

"विकून टाका. तू परत शहरात जा. आईला घेऊन जा. चिखलात जन्म काढायला तुला कुणी सांगितलंय?"

आईच्या मनात क्षणभर आलं, बरं बोलतायत. मग तिने मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती रागावली नव्हती. पेरू बघताना असायची तशी बसली होती.

"एक वर्ष द्या, काका."

"एक वर्षाने काय होणार?"

"पुढचा पाऊस सरला की तुमची महाराणी खाली सोडा. चरली तर कुरण माझं. नाही चरली तर खोदा तळं, मी गाई विकते."

काका मांडीवर थाप मारून हसले. महाराणी म्हणजे त्यांची तांबडी गाय. अख्ख्या वस्तीत तिच्यासारखी नखरेल दुसरी नव्हती. गव्हाण फडक्याने पुसल्याशिवाय तोंड घालायची नाही. ओल्या चाऱ्याकडे ढुंकून बघायची नाही. चिखल लागला तर पाय झटकत उभी. काकांच्या घरात त्या गाईचे जेवढे लाड झाले तेवढे पोरांचेही झाले नव्हते.

"पोरी, अजून विचार कर. तुझ्या आईच्या गाई कशाला पण तोंड लावतील. महाराणी नाही लावायची."

"म्हणूनच तर."

आईने त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तीन गिऱ्हाइकांशी मनातल्या मनात गाईंचा सौदा करून टाकला.

सकाळी थोरलीने तिला हाताला धरून नाल्याकडच्या कोपऱ्यात नेलं. "आई, इथं बघ. आणि इथं." सगळीकडे लव्हाळा उठला होता, फक्त त्या खोलगट कोपऱ्यात नाही. तिथे बुडखे काळे पडून सडले होते. पायाने ढकलले की निघून यायचे.

"हा तुकडा कोणी कापला?"

आईने बुडख्यावरचा पाय मागे घेतला. "मीच. का, चुकलं काही?"

"तू बसून कापलास, म्हणून अगदी जमिनीलगत कापला गेला. माझे खुंट वीतभर उंच राहिले. आणि इथं मागाहून एक सर पडून पाणी साचलं होतं, आठवतं? तुझे खुंट बुडाले. माझे वर राहिले." तिने एक दांडा मोडून आतला गर दाखवला. "यातून हा श्वास घेतो. टोक पाण्याच्या वर असलं की मुळापर्यंत हवा पोचते. टोक बुडालं की गुदमरतो."

आईने तो पांढरा गर बोटांत चुरगळून पाहिला. आपल्या दुखऱ्या गुडघ्यांनी कधी काही बरं केलं असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

पण पाणी पाहिजे तेव्हा साचवायचं तर पाहिजे तेव्हा सोडताही आलं पाहिजे. नाहीतर गवतही मरणार. म्हणून तो सगळा कोरडा काळ थोरली जुने चर शोधत राहिली. कुठल्या काळी कोणी खोदलेले, गाळाने भरून दिसेनासे झालेले. फावडं, कुदळ आणि गमबूट. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झाल्या. आई रोज संध्याकाळी तिचे पाय आपल्या मांडीवर घेऊन मलम लावायची आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायची. "मेमसाहेबांचे पाय बघा. या पायांना शहरात सँडल घेतले होते मी." थोरली बसल्या बसल्या पेंगायची.

सगळे चर काकांच्या गाडीवाटेखालच्या एका नळीपाशी येऊन थांबले. तिथून पाणी नाल्यात जायला हवं होतं, पण ते थेंबभरही जात नव्हतं. वाट उकरली तर नळी चेपून सपाट झालेली. वरून वर्षानुवर्षं ट्रॅक्टर गेला होता.

काकांनी वाकून चेपलेल्या नळीवरून हात फिरवला. "माझ्याच ट्रॅक्टरने का?" त्यांनी विचारलं.

थोरली नळीवरची माती हाताने बाजूला करत राहिली.

"बोल की! म्हण की काका तुमच्यामुळे. आम्ही नाही ऐकून घेणार असं थोडंच आहे?" असं चिडून ओरडून ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नवी सिमेंटची नळी घेऊन आले. ती खाली उतरवताना, माती ओढताना अखंड बडबडत होते की आपण आपल्याच तळ्यावर पाणी सोडतोय. काका तसे होते. पैजेत हरायला त्यांना आवडत नसे, पण लबाडीने जिंकायला त्याहूनही कमी आवडे.

पावसाचे ढग दिसायला लागले तेव्हा दुसरी कापणी झाली. या वेळी थोरलीही बसून कापत होती, आई शिकवत होती. "विळा आडवा धर. अजून खाली. अगं, जमिनीला खरवडू नकोस, माती उघडी पडेल. तूच म्हणतेस ना?" कापलेला लव्हाळा या वेळी एक काडीही कुरणात ठेवला नाही, वाळवून गोठ्यात अंथरला, आणि गाई इतक्या कोरड्या, ऐसपैस बसायला लागल्या की आईलाच हेवा वाटावा. जिथे कुठे जमीन उघडी दिसली तिथे थोरलीने बांधावरची हरळी ढेकळासकट आणून दाबली. ठिगळं लावावीत तशी.

मग पाऊस आला, चर भरून वाहू लागले, आणि ज्या नळीसाठी एवढा खटाटोप केला होता तिच्या तोंडात थोरलीने मातीने भरलेली पोती कोंबली. वरच्या पोत्याला दोर बांधून ठेवला. कुरणावर पाणी चढू लागलं.

बांधावर लोक जमले. चर खणायचे आणि मग तेच बुजवायचे, असली गंमत कोणी पाहिली नव्हती. दूधवाला म्हणाला, "ताई, काकांच्या माशांना आधीच बोलावणं गेलं वाटतं." आईने हसून साजरं केलं, पण घरात आल्यावर तिचे हात कामात लागेनात. सगळं कुरण पाण्याखाली. तिला दिसत होतं ते एकच, तळं.

आणि नेमकी त्याच आठवड्यात थोरली तापाने आडवी झाली.

दुपारपासून धो-धो पाऊस. थोरली पांघरुणातून म्हणाली, "आई, नळीजवळ चपटा दगड आहे ना, पाणी त्याच्या माथ्यावर आलं तरच दोर ओढायचा. त्याच्या खाली असेल तर अजिबात नाही. अजून थोडेच दिवस हवेत."

आई छत्री घेऊन निघाली तेव्हा खरं सांगायचं तर दोर ओढायच्याच बेताने निघाली होती. दगडबिगड तिने मनातून काढून टाकला होता. पोर तापाने फणफणलीय, गोठ्याच्या पायरीपासून पाणी हाकेच्या अंतरावर आहे, आणि आपण दगड बघत बसायचं? नळीपाशी पोचली, दोर हातात घेतला. तेवढ्यात वाटेवरून काका आले, डोक्यावर रिकामं पोतं घेऊन.

"ओढा, वहिनी, ओढा! मी तेच करायला आलोय. गोठा बुडेल नाहीतर."

आईने दगडाकडे पाहिलं. पाणी त्याच्या माथ्याच्या चांगलं चार बोटं खाली होतं.

"दगडाच्या वर आलेलं नाही अजून," ती म्हणाली.

"कसला दगड? कोणी सांगितलं?"

"थोरलीने."

"तिला ताप चढलाय! तापात माणूस काहीही बोलतं. आणि तसंही तिला काय कळतंय पाण्यातलं, चष्मे विकणारी पोरगी. व्हा बाजूला, मी ओढतो."

हे मात्र आईला झोंबलं. स्वतः ती पोरीला दिवसातून दहा वेळा वेडी म्हणायची. पण ते तिने म्हणायचं. तिने दोर स्वतःच्या मनगटाला गुंडाळला, छत्री सावरली आणि सरळ त्या पोत्यांवर बसकण मारली.

"हात लावून बघा, भावोजी."

"वहिनी, अहो, हे काय पोरासारखं!"

"तिने सांगितलंय दगड, तर दगड. कापायचं कसं तेही तिनेच शोधून काढलं, नळी चेपलेली आहे तेही तिनेच. तुमच्या ट्रॅक्टरला दिसली होती का?"

काकांनी डोक्यावरचं पोतं पुढे ओढलं. मग म्हणाले, "सर्दी होईल तुम्हाला."

"होऊ दे."

"मग निदान छत्री तरी सरळ धरा, सगळं पाणी माझ्या अंगावर येतंय."

पाऊस मंदावेपर्यंत दोघं तिथेच होते, एक बसून, एक उभा, दोघांचे डोळे त्या दगडावर. पाणी दोन बोटं चढलं, थांबलं, आणि हळूहळू उतरायला लागलं. आईने मनगटावरचा दोर सोडला तेव्हा तिथे लाल वळ उठला होता. घरी आल्यावर थोरलीने डोळे उघडून विचारलं, "ओढला नाहीस ना?"

"नाही," आई म्हणाली, आणि पोरीच्या कपाळावर हात ठेवला. ताप उतरत होता. नळीवर काय झालं ते तिने सांगितलं नाही. ते वस्तीभर काकांनीच सांगितलं, आणि दर वेळी छत्री अधिकाधिक वाकडी होत गेली.

पाणी सोडलं तेव्हा खालून जे कुरण निघालं ते बघायला ओंगळ होतं. काळे, मऊ पडलेले खुंट, गाळ, वास. पण खुंट मेलेले होते. आणि हरळी, ती काही इतक्याने मरत नाही. ठिगळांमधून तिने बोटं बाहेर काढली, इकडे एक, तिकडे एक, आणि मग रोज सकाळी आईला वाटायचं की काल होती त्यापेक्षा आज जास्त आहे. थोरली तिला आत पाऊल टाकू द्यायची नाही. फाटकाला कुलूप घातलं होतं. "कोणासाठी कुलूप? मी काय गवत खाणार आहे?" "तू रोज बघायला जातेस आणि वाट पाडतेस."

पाऊस सरला. जमीन घट्ट झाली. ठरलेल्या सकाळी काका महाराणीला घेऊन आले. तिला न्हाऊ घातलं होतं, शिंगं पुसली होती, जणू पाहुणी म्हणून चालली आहे. दूधवाला मुद्दाम थांबला होता. आणखी चार-पाच जण उगाचच तिथून जात होते.

आईला तिथे उभं राहवेना. ती परसातल्या दोरीवरचे वाळलेले कपडे काढायला गेली, आणि मग काढलेलेच परत वाळत घालत राहिली, कारण दोरीपासून कुरण नीट दिसत होतं.

महाराणीने फाटकातून एक पाय आत ठेवला. थांबली. जमीन घट्ट आहे का ते पाहिलं. दुसरा पाय ठेवला. मग मान वर करून सगळं कुरण न्याहाळलं आणि काहीही न हुंगता, सरळ, संथ चालीने नाल्याकडच्या कोपऱ्यात गेली. तिथे थोरलीने लव्हाळ्याचा एक लहानसा पट्टा मुद्दाम ठेवला होता. पाणकोंबडी त्यात अंडी घालते म्हणून, आणि तिथली ओल काही केल्या हटत नाही म्हणून. एवढं कुरण सोडून गाय त्या पट्ट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"झालं," काका म्हणाले. मोठ्याने नाही. त्यांनाही वाईट वाटत होतं.

थोरली हलली नाही. दोन्ही हात मागे धरून, मान किंचित तिरकी करून ती गाईकडे बघत होती. आईने एक चादर छातीशी घट्ट धरली होती. त्या घटकेला तिला कळलं की तिला गाई विकायच्या नाहीत, शहरात जायचं नाही, आणि आपली पोर हरलेली तर अजिबात बघायची नाही.

महाराणीने लव्हाळा हुंगला. नाकातून जोरात फुर्र केलं. मग पाठ फिरवली, मान खाली घातली, आणि गवत तुटण्याचा आवाज दोरीपर्यंत ऐकू आला. चर्र. चर्र. चर्र.

काका आत गेले, गाईला ओढून वरच्या कडेला घेऊन गेले. तिथेही तिने लगेच मान खाली घातली. मधोमध आणलं. तिथेही. मग काका कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभे राहिले.

"फितूर," ते म्हणाले. "फडक्याने गव्हाण पुसतो मी तुझी. फडक्याने!"

बांधावर एकच हशा पिकला. काका थोरलीकडे वळले. "घे. कुरण तुझं. माझ्या शब्दाला मी पक्का आहे."

"अजून संपलेलं नाही, काका," ती म्हणाली. "बी खाली आहेच. दर वर्षी कापावं लागेल, चर उपसावे लागतील. एक वर्ष दुर्लक्ष केलं की परत येईल."

"मग कर की! कोण नको म्हणतंय? जिंकलीस तरी रडतेसच."

संध्याकाळी महाराणी घरी जायला तयार होईना. काका पुढून ओढत होते, दूधवाला मागून ढकलत होता. आई धावत पुढे झाली आणि मुलीला म्हणाली, "आधी पाय धू. चिखल्या परत होतील." रात्रीच्या जेवणाआधी मात्र तिने सगळ्या नातेवाइकांना फोन केले, आणि चष्म्याच्या दुकानदारालाही केला. त्याला गवतातलं काही कळत नव्हतं, तरी त्याने सगळं ऐकून घेतलं.

पंधरा-वीस दिवसांनी काका मागच्या दाराशी आले. नेहमीसारखी आरोळी नाही. दारातच घुटमळले.

"वहिनी, थोरली आहे का?"

"का हो?"

"काही विशेष नाही. आमच्या वरच्या तुकड्यात, हौदाचं पाणी सांडतं ना, तिथं कडेला दोन-चार गोल दांडे दिसतायत. म्हटलं, तिने जरा नजर टाकली असती तर..."

थोरली आत खाटेवर पडून नुसती छताकडे बघत होती; कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला काही काम नव्हतं. आईने पदराला हात पुसले आणि दाराची चौकट पूर्ण अडवून उभी राहिली.

"ती कामात आहे," आई म्हणाली. "निरोप देते मी. जमेल तेव्हा येईल."

"बरं, बरं. घाई नाही."

"आणि भावोजी, ती येईपर्यंत तिथं नांगर घालू नका. महाराणीला त्या ओलीत उभी करू नका. आणि विळ्याला धार लावून ठेवा, बोथट हत्यार ती हातात धरत नाही."